डॉक्टरबाईंचा पहिला रविवार

१

जीप खारकोंडच्या उताराला लागली तेव्हा दिवेलागण झाली होती. दिवसभराच्या हिंडण्यानं डॉक्टर विमला गव्हाणे पार शिणली होती, पण मनातून खूश होती. बार्शीकडच्या कोरड्या मुलखात वाढलेल्या बाईनं एका दिवसात समुद्र, किल्ला, राजवाडा आणि रान पाहिलं होतं. आदल्या दिवशीच, शनिवारी संध्याकाळी, ती या गावात बदलून आली होती. खाडीकाठचं एवढंसं गाव, सरकारी दवाखाना, मागे खोली. इथं आपले दिवस बरे जातील, असं तिला त्या उतारावर अगदी खात्रीनं वाटलं.

दवाखान्याच्या पायरीवर एक धिप्पाड माणूस बसला होता. तो उठून उभा राहिला.

"मी महिपत, इथला पोलीस पाटील. तुमची वाट बघून बघून शेवटी उरकलं, बाई."

"काय उरकलं?"

"शिवलकरांची धाकटी सून, तुळसा. सकाळी विहिरीत सापडली. पाणी काढताना पाय घसरला असणार. पंचनामा केला, दुपारी खाडीवर अग्नी दिला."

"डॉक्टरनं बघितल्याशिवाय?"

"डॉक्टर होत्या कुठं?" पाटील शांतपणे म्हणाले. "रत्नागिरीला न्यावं तर गाडी कुठं होती? गावात चाकांची वस्तू एकच. ती घेऊन तुम्ही मुलूख बघायला गेलात."

त्या वाक्यानं तिच्या तोंडावर कुणी गार पाणी मारल्यासारखं झालं. मागे काशीराम कंपाउंडर जीपमधून डबे उतरवत होता. पाटलांचं बोलणं संपलं तरी तो डबे उतरवतच राहिला.

२

त्या रात्री विमलानं दिवस पुन्हा पहिल्यापासून आठवला.

सहलीची कल्पना काशीरामची. साठीला टेकलेला, पांढरी टोपी, मृदू बोलणारा माणूस. शनिवारी त्यानं तिचं सामान लावून दिलं, पेज करून आणली आणि जाताना म्हणाला, "दमला असाल. दार लावून स्वस्थ झोपा. तुम्हाला कुणी उठवायचं नाही." त्या वेळी सहलीचं अवाक्षर नव्हतं. रविवारी तांबडं फुटतानाच मात्र तो दारात उभा.

"बाई, आज सुट्टी आहे. एकदा कामाला लागलात की रत्नागिरी बघायची राहून जाईल. ड्रायव्हर विठू जीप काढतोय."

ती तोंड धुवायला पाणी आणायला ड्रेसिंगच्या खोलीतून गेली. आदल्या दिवशी त्या खोलीत बोट फिरवलं तर धूळ निघत होती. आज फरशी ओली होती आणि फिनेलचा वास नाकात भरत होता. टेबलावरचं रबरी कापडही काढलेलं.

"केवढी स्वच्छता, काशीराम! तीही सुट्टीच्या दिवशी!"

"नवे डॉक्टर आले की करायलाच हवं, बाई," तो म्हणाला होता.

पहिला मुक्काम रत्नदुर्ग. किल्ल्यावर भगवतीचं देऊळ. ओटी घेऊन विमला निघाली, तर काशीराम दरवाज्याबाहेरच थांबला. "तुम्ही जाऊन या. माझा गुडघा धरलाय." ती आणि विठू आत गेले, प्रसाद घेऊन आले. काशीरामनं प्रसादही हातात घेतला नाही. मग दीपगृहाकडे निघाले तर हाच माणूस चढण तिच्यापुढे झपाझप चढला. वर उभं राहून त्यानं भाट्याची वाळू दाखवली, मांडवीचा धक्का दाखवला, कुठल्या मोसमात समुद्राचा रंग कसा पालटतो ते सांगितलं.

थिबा राजवाड्यासमोर तो फार रंगला. ब्रह्मदेशचा राजा इथं कसा आणून ठेवला, त्याला परत जायला कसं मिळालं नाही, ते त्यानं असं सांगितलं, की जणू शेजारच्या घरातली गोष्ट. दुपारी जेवणं झाली तेव्हा विमलाचं डोकं दुखू लागलं होतं. "आता परत जाऊ," ती म्हणाली.

"आमची देवराई राहिली की!" काशीराम घाईनं म्हणाला. "गावाच्या वरच्याच डोंगरात आहे. आडवाट आहे, पण ती न बघता गेलात तर काय बघितलंत?"

ते रान खरोखर बघण्यासारखं होतं. कातळाचं उघडं माळरान संपतं तिथं एकदम काळोखी हिरवळ. उन्हाचा कवडसा शोधावा लागत होता. जाडजूड वेली, ओल्या पाल्याचा वास, मध्ये दगडी चौथऱ्यावर शेंदूर लावलेली देवी. विठूनं नारळ वाढवला. काशीराम मात्र चौथऱ्यापासून लांब, झाडीच्या कडेला उभा होता. तिथून खाली खाडी दिसत होती आणि खाडीच्या काठावरून धूर वर येत होता.

"धूर कसला?" विमलानं विचारलं.

"पालापाचोळा जाळत असतील."

तो तिथंच उभा राहिला. फार वेळ. विठू जीपमध्ये जाऊन झोपला, विमला एका मुळावर बसून राहिली. धूर विरळ झाला, निळसर झाला, दिसेनासा झाला. मग काशीराम वळला आणि म्हणाला, "चला बाई. झालं."

अंथरुणात विमला ताडकन उठून बसली. पालापाचोळ्याचा नव्हता तो धूर. ती तुळसाची चिता होती.

३

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच एक बाई बाकावर येऊन बसली होती. उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं रापलेला चेहरा, गुडघ्यावर गाठोडं. रडून झालेलं होतं.

"मी मथुरा. नाटे गावची. तुळसा माझी लेक."

विमलानं तिला आत बोलावलं. मथुरानं खुर्ची घेतली नाही, जमिनीवरच टेकली.

"काल दुपारी निरोप आला. राजापूरला येऊन एसटी धरली, इथं पोचले तर राखसुद्धा भरतीनं नेलेली. तोंड बघायला थांबले नाय कुणी. बाई, तुम्ही डॉक्टर. माझी पोर कशी मेली तेवढं सांगा. दुसरं काय नको."

"मी तिला पाहिलंच नाही, मावशी."

"म्हणून तर तुम्हाला सांगते. ज्यांनी बघितलं ते सगळे एकच बोलतात. पाय घसरला. सगळ्यांचा शब्द न् शब्द सारखा." मथुरानं पदरानं नाक पुसलं. "दिवाळीत तिनं सांगून पाठवलंन, आये, मला घेऊन जा. मी म्हटलं, मासळीचे दिवस हायत, पौर्णिमा झाली की येते. जावई बोटीवर. दोन वर्षं झाली, घरी आला नाय. सासू आणि मोठा दीर, एवढंच घर."

विमलानं दवाखान्याचं काम कसंबसं आटोपलं आणि ती शिवलकरांच्या घरी गेली.

मोठा दीर रावजी अंगणात बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. तो तिच्याकडे न बघता बोलला. "पाटलांनी लिहून घेतलंय सगळं."

"मला फक्त विचारायचंय. तिला पहिल्यांदा कुणी पाहिलं?"

"आईनं. न्याहारीच्या सुमाराला. त्याआधी कुणाला काही माहीत नव्हतं. मी आरडाओरडा ऐकून धावलो."

येसूबाई, तुळसाची सासू, ओटीवरच्या खांबाला टेकून होती. विमलानं तिच्याजवळ बसून विचारलं, "तिच्या अंगावर काही मार होता? जखम?"

"काय नव्हतं."

"आणखी कुणी बघितलं? आंघोळ घालणाऱ्या बायका..."

"मी घातली. एकटीनं." येसूबाईचा आवाज चढला. "माझी सून होती. परक्या बायकांचे हात कशाला लागायला हवेत?"

परतताना वाटेत शेजारची एक बाई कुंपणाशी उभी होती. विमलानं थांबून विचारलं तर ती हलकेच म्हणाली, "आम्ही गेलो होतो हो आंघोळीला. येसूबाईनं दार लावून घेतलंन. असं कुठं करतात? मेलेल्या माणसाचं काय लपवायचं असतं?"

४

विमला दवाखान्यात परतली तेव्हा काशीराम जेवायला गेला होता आणि विठू भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीला हार घालत होता.

"हे काम काशीरामचं ना?"

"काकांना सुतक आहे ना, बाई. देवाला शिवायचं नाही त्यांनी. दहा दिवस मीच घालणार."

"सुतक? कुणाचं?"

"तुळसावहिनींचं. काका शिवलकरच की. रावजीभाऊंच्या भाऊबंदांतले. एकाच मूळ घरातले."

विमला खुर्चीत बसली. तिच्या लहानपणी घरात जे पाळलं होतं ते तिला स्पष्ट आठवलं. पुण्यातला काका गेल्याची बातमी उशिरा पोचली होती, आणि आजी म्हणाली होती, कळलं तेव्हापासून सुतक. कळलंच नाही तोवर देवाला हात लावला तरी दोष नाही.

"विठू, काल वाटेत आपल्याला कुणी भेटलं होतं? गावाकडचं? कुणी निरोप दिला होता?"

"नाही बाई. इथं पायरीवर पाटलांनी सांगितलं तेव्हाच मला कळलं. नाहीतर मी नारळ वाढवला असता का देवराईत? म्हणजे मला सुतक नाही, पण गावात मढं असताना कोण देवदर्शन करतं?"

"बरोबर," विमला म्हणाली.

तुळसा सापडली न्याहारीच्या वेळी. त्या वेळी जीप किल्ल्याखाली पोचली होती. तरीही काशीराम भगवतीच्या देवळात गेला नाही, प्रसाद घेतला नाही, देवराईत चौथऱ्याला शिवला नाही. गुडघ्याचं दुखणं दीपगृहाच्या चढावर कुठं गेलं? ज्याला सुतक लागलंय हे ठाऊक होतं, तोच माणूस असा लांब राहील. तुळसा मेलीय, हे काशीरामला तांबडं फुटताना ठाऊक होतं. विहिरीवर कुणी जायच्या आधी.

मग सहल कशाला? डॉक्टर आणि जीप, दोन्ही गावाबाहेर न्यायला. बुडून मेलेल्या बाईला डॉक्टरनं पाहिलं तर भिण्याचं कारण काय? कारण ती बुडलेली नव्हती, मेल्यावर विहिरीत टाकलेली होती. मारहाण असती, गळा आवळला असता, तर पंचांनाही दिसलं असतं. पंचांना दिसणार नाही, पण आंघोळ घालणाऱ्या बाईला दिसेल आणि डॉक्टरला तर पहिल्या नजरेत कळेल, असं काय होतं?

नवरा दोन वर्षं बोटीवर. आये, मला घेऊन जा.

विमला उठली. ड्रेसिंगच्या खोलीच्या दाराशी गेली आणि तिथंच थांबली. फिनेलचा वास अजून गेला नव्हता. या खोलीच्या आणि तिच्या पलंगाच्या मध्ये एकच भिंत होती.

५

काशीराम जेवून आला. विमलानं विठूला जीप धुवायला पाठवलं आणि काशीरामला त्या खोलीत बोलावलं.

"रबरी कापड कुठं आहे, काशीराम?"

"फाटलं होतं, बाई. टाकलं."

"त्यावरचं रक्त धुऊन निघालं नाही म्हणून टाकलंत."

विमलानं एकेक करून सगळं सांगितलं. देऊळ, गुडघा, धूर, येसूबाईनं लावलेलं दार. ती बोलत असताना तो हळूहळू स्टुलावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय तो फार म्हातारा दिसत होता.

"तुम्ही पोट पाडायला गेलात."

"रावजीनं पाय धरले," काशीराम म्हणाला. "त्याचंच होतं. येसूबाईही होती बरोबर. धाकटा पुढच्या बोटीला घरी येणार, त्याची तार आलेली. पूर्वीच्या डॉक्टरांच्या हाताखाली मी पाहिलं होतं सगळं. वाटलं, जमेल."

"मी इथं होते! भिंतीपलीकडे! कायदा आहे, काशीराम. मी तिला रत्नागिरीला नेलं असतं, कुणाला कानोकान कळलं नसतं. ती चार दिवसांत घरी आली असती."

"मला काय ठाऊक तुम्ही कशा आहात? तुम्ही त्याच संध्याकाळी आलेल्या. ओरडून गाव गोळा केलं असतं तर?"

"ती किती वेळ जिवंत होती?"

काशीरामनं टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली. "पहाटेपर्यंत. रक्त थांबेना. शुद्धीवर होती. म्हणत होती, नवी डॉक्टरीणबाई आलीय ना, तिला उठवा. सारखं तेच. मी म्हटलं, उठवतो."

विमलानं मधल्या भिंतीकडे पाहिलं.

"उठून आलो होतो," तो पुढे म्हणाला. "तुमच्या दारापर्यंत. कडी वाजवायला हात वर केला होता. रावजी मागून म्हणाला, काका, आता उठवलंस तर आपण सगळेच गेलो. मी तसाच उभा राहिलो. आत तुमचा श्वास ऐकू येत होता. परत गेलो तेव्हा ती विचारत होती, आल्या का? मी म्हटलं, येतायत."

बाहेर विठूच्या बादलीचा आवाज येत होता.

"हे पोलिसांपुढे सांगाल?"

काशीराम उभा राहिला. त्यानं टोपी डोक्यावर सारखी केली. "नाही, बाई. माझ्याही दोन सुना नांदतायत या गावात."

६

पाटलांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना धक्का बसला नाही, हेच विमलाला सर्वांत भयंकर वाटलं.

"कुणाला ऐकवणार हे?" त्यांनी विचारलं. "फरशी धुतली आणि देवळात गेला नाही, एवढ्यावर? देह नाही. तुमच्यापुढे बोलला ते काशीराम साहेबांपुढे बोलणार नाही. पंच विहिरीचंच बोलणार. काशीराम कुठं होता म्हणून साहेबांनी विचारलं तर तुम्हालाच सांगावं लागेल, माझ्याबरोबर होता, मला समुद्र दाखवत होता. त्याची साक्ष तुम्हीच आहात, बाई."

"मी तरीही लिहून देणार."

"द्या की. फक्त आधी तिच्या आईला विचारा."

ते असं का म्हणाले हे विमलाला त्या वेळी उमगलं नाही. ती तिरीमिरीत निघाली. मथुरा एसटी थांबते तिथं वडाखाली बसली होती. विमला तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. आल्या का, तेही.

मथुरा ऐकत राहिली. तिच्या तोंडावर काही हललं नाही. शेवटी तिनं विचारलं, "तुम्ही उठला असता तर जगली असती?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण ते तिला जमलं नाही. "हो," विमला म्हणाली. "बहुतेक जगली असती."

मथुरानं मान हलवली. गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"मी उद्या रत्नागिरीला जाते, मावशी. मोठ्या साहेबांना भेटते. तुम्ही बरोबर या. आईनं तक्रार केली तर..."

"नको."

"काय?"

"कुणाला सांगू नका, बाई. पाया पडते तुमच्या." मथुराचा आवाज आता पहिल्यांदाच फुटला. "धाकटी हाय घरात. मालन. माघात लगीन ठरलंय. हे भायेर पडलं तर तिला कोण करील? जावई येईल, तो काय म्हणेल? रावजी पुरुष हाय, त्याला काय होत नाय. नाव माझ्या तुळसाचं जाईल. दर घरात तिच्या नावानं थुंकतील. आता निदान रडतात तरी."

"पण तुम्हीच तर विचारलं होतंत!"

"विचारलं. आई ना मी. मला कळायला हवं होतं, कळलं." तिनं डोळे पुसले. "विहिरीतच पडली माझी पोर. पाय घसरला."

राजापूरची गाडी आली. विमलानं गाठोडं वर दिलं. मथुरा खिडकीशी बसली, पण तिनं बाहेर पाहिलं नाही. धुळीत गाडी वळली आणि खाडीच्या कडेनं दिसेनाशी झाली.

विमला किती तरी वेळ रस्त्यातच उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, आणि त्यातलं काही म्हणजे काही कुणाला सांगता येणार नव्हतं. रत्नागिरीला जायचं तर आता कुणाच्या वतीनं जायचं?

ती दवाखान्याकडे परतली. संध्याकाळचे पेशंट बाकावर जमले होते. काशीराम दारात उभा राहून एकेकाची चौकशी करत होता आणि माणसं त्याला काका काका म्हणत आपली दुखणी सांगत होती. तिला येताना पाहून तो बाजूला सरला. त्याच्या खांद्यावर एक तापलेलं मूल होतं. मुलाच्या आईनं बाकावर जागा मिळेपर्यंत ते विश्वासानं त्याच्याकडे दिलं होतं, आणि तो त्याला हलकेच थोपटत होता.